ताटलीवरचं घड्याळ

सकाळी आमच्या घरात सगळ्यात आधी वाजायची ती एक वाटी. अण्णा, म्हणजे माझे वडील, चूळ भरून झाली की क्लॅरनेटची पट्टी पाण्यात भिजत घालायचे. बोटाएवढी, बोरूची, एका टोकाला कागदासारखी पातळ. ती ओली झाल्याशिवाय वाद्य बोलत नाही. वाटी मात्र आईच्या आमटीच्या वाट्यांतलीच असायची, आणि त्यावरून रोज बोलणं व्हायचं. "एक दिवस त्या लाकडालाच फोडणी देते बगा," आई म्हणायची. अण्णा म्हणायचे, "दे की. तुज्या आमटीला तेवढाच सूर यील." मग आई भाकरी फडक्यात बांधायची, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवायची आणि भट्टीवर निघून जायची. अण्णा दारात बसून ओल्या पट्टीवर एकच सूर लांबवत राहायचे. त्या एका सुरावर मी वेणी घालायची, दप्तर भरायची.

भूममधलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वाद्यं, मागच्या खोलीत माणसं. लग्नसराई संपली की वाद्यं जुन्या लुगड्यांत गुंडाळली जायची आणि पाहुणा आला तर त्याला मोठ्या ढोलाला टेकूनच बसावं लागायचं. आई खव्याच्या भट्टीवर कामाला होती. कढईत दूध आटवायचं आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडत राहायचं. खवा झाला की नाही, हे ती बघून सांगत नसे, ऐकून सांगायची. "दूध हाय तवर कडई गप ऱ्हाती," ती म्हणायची. "घट व्हाया लागलं की फुटफुट बोलती. तवाच उतरायचं." मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरी माणसं इतकं कान देऊन जगत असतील. तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

आठवणी लिहाव्यात इतकं माझं वय झालेलं नाही, हे मला माहीत आहे. मी भूमजवळच्या वाशीला कॉलेजात शिकवते, रोज एसटीनं जाते-येते, आणि अजून वर्गात नवीनच आहे. पण मागच्या वर्षी दिगूमामांना नीट ऐकू येईनासं झालं. ज्यांच्यामुळे मला ऐकायला आलं, त्यांच्या कानांत आता शांतता आहे. म्हणून हे लिहून ठेवते.

दिगूमामा आईचे धाकटे भाऊ. लहानपणी ताप आला आणि एक पाय आखूड राहिला. त्यांचं लग्न झालं नाही. ते आमच्याकडेच राहिले आणि अण्णांच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवू लागले. ड्रम पट्ट्यानं गळ्यात अडकवून ते मधोमध चालायचे. पुढे अण्णांचं क्लॅरनेट, बाजूला रज्जाकभाईंचा ट्रम्पेट, मागे मोठा ढोल आणि खुळखुळे. मिरवणुकीत सगळा बँड ड्रमवर चालतो, आणि ड्रम चालायचा मामांच्या पायांवर. त्यांचा धड पाय जमिनीवर जरा रेंगाळायचा, आखूड पाय नुसता टेकून निघून जायचा. लांब, आखूड. लांब, आखूड. काड्याही तशाच पडायच्या. आमच्या बँडची सगळी गाणी, मग ती सिनेमातली असोत की देवीची, त्या चालण्यानं डुलत यायची. शेजारच्या गावातली माणसं दोन शेतं पलीकडून ओळखायची आणि म्हणायची, "आलं रे भूमचं लंगडं ब्यांड." ती मायेनं म्हणत होती की कुचेष्टेनं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. अण्णा हसायचे. मामाही हसायचे. मला मात्र तो शब्द अंगाला चिकटल्यासारखा व्हायचा. रस्त्यात मामा पुढे चालत असले की मी दुकानांच्या पाट्या वाचत मागून जायची.

मी धाराशिवला कॉलेजला गेले. घरातलं कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, त्यामुळे काय विचारायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत होतो. एकदा खोलीतली एक मुलगी बहिणीच्या लग्नाहून आली आणि सांगायला लागली, "अगं, बँड कसला आणलेला! ड्रमवाला लंगडा, आणि सगळा बँडच लंगडतोय!" तिनं खोलीत तसं चालून दाखवलं. त्या दोघी हसल्या. मीही हसले. कुणाचा बँड, कुणाचे मामा, हे मी बोलले नाही. हसताना माझा आवाज मला बाकीच्यांपेक्षा मोठा ऐकू आला होता.

त्याच सत्रात इंग्रजीच्या सरांनी चिठ्ठ्या टाकून सेमिनारचे विषय वाटले. कुणाला नाटक आलं, कुणाला वर्तमानपत्र. माझ्या चिठ्ठीवर होतं: जॅझ. जॅझला जॅझपण कशामुळे येतं, यावर पंधरा मिनिटं बोलायचं. मी सरांकडे गेले आणि विषय बदलून मागितला. सर म्हणाले, "का?" मी म्हणाले, "सर, मी ते कधी ऐकलेलंच नाही." सर म्हणाले, "मग बरंच आहे. ऐकून बोल." त्यांनी माझ्या साध्या मोबाईलमध्ये सहा गाणी भरून दिली. त्यांतल्या चारांत कुणी गातच नव्हतं.

ग्रंथालयातल्या जाड ग्रंथात मला पाच पानं सापडली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वहीत मराठीत उतरवली. ती वही अजून आहे. हिरव्या शाईनं लिहिलंय की जॅझमध्ये गाणं ठरलेलं असतं, पण वाजवणारा ते जागच्या जागी नव्यानं घडवतो. काही सूर सरळ न लावता वाकवलेले, थोडे उतरलेले असतात. एक वाद्य विचारतं, दुसरं उत्तर देतं. प्रत्येक वाजवणाऱ्याचा आवाज त्याचा स्वतःचा असतो, तो घासूनपुसून दुसऱ्यासारखा करत नाहीत. आणि एक गोष्ट असते, स्विंग. एका ठोक्याचे दोन भाग कागदावर सारखे लिहिलेले असले तरी वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखडतो. हे लिहून दाखवता येत नाही, असं ग्रंथात म्हटलं होतं. मी ते वाक्य उतरवलं, त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि मला काहीही कळलं नाही.

शनिवारी घरी आले. मोबाईल स्टीलच्या तांब्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि पहिलं गाणं लावलं. रज्जाकभाई ट्रम्पेटला तेल घालत बसले होते. अण्णांनी जरा वेळ ऐकलं. "क्लॅरनेट हाय की गं ह्यात," ते म्हणाले. मग कपाळाला आठी आली. "ह्यो गाणं इसरला वाटतं."

"इसरला न्हाय मास्तर," रज्जाकभाई म्हणाले. "रुको जरा."

अण्णांनी तांब्याला कान लावला. बराच वेळ तसेच बसले. मग हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "व्हय व्हय. इसरला न्हाय. दारातनं गेला आन् परड्यातनं घरात आला. घर त्येचंच हाय." पुढे एका सुरावर ते थांबले. "ह्यो बग. ह्यो गंधार ना कोमल, ना शुद्ध. मधीच कुटंतरी घसरवलाय. रडू दाबल्यावानी."

"ये तो अपनेच जैसा करताय, मास्तर," रज्जाकभाई म्हणाले. "तुम्ही दम घ्याया थांबले की मैं बोलताय, मैं थांबला की तुम्ही."

मामा भिंतीला टेकून कणीस सोलत होते. मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "ह्यांचा ड्रमवाला चांगला हाय. कुणाला घाई करू देत न्हाय." एवढंच. मी वहीत अण्णांचं सगळं लिहून घेतलं. मामांचं लिहिलं नाही, कारण ते मला वाक्यच वाटलं नव्हतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, मी अजून घरीच होते, एका लग्नाची सुपारी द्यायला मुलाचे वडील आले. लग्न भूममध्येच होतं, पण पाहुणे सोलापूरचे, मोठ्या कारभाराचे. अण्णांनी नमुना म्हणून एक गाणं वाजवलं. त्या गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वाजवता छान. पण आम्हाला जरा सरळ पाहिजे. पलटणीसारखं. आणि शूटिंग आहे. हे ड्रमवाले…" त्यांनी मामांकडे बघितलं नाही. "दुसरा कुणी असेल ना?"

अण्णांनी क्लॅरनेट खाली ठेवलं. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्या ड्रमवर वाजवलं नव्हतं. मामाच म्हणाले, "मी ऱ्हातो घरी दाजी. एका लग्नाचं काय."

ते ज्या सहजपणे म्हणाले ते मला सहन झालं नाही. माझ्या हसण्याची मला आठवण झाली असावी. मी मध्येच बोलले, आणि घरात पाहुण्यांसमोर मी बोलायची ती पहिलीच वेळ. म्हणाले, "मामा भोंग्याच्या गाड्यावर बसून वाजवतील. मग चालायचा प्रश्नच नाही. आणि वाजवणं मी सरळ करून देते. आठ दिवस आहेत." पाहुणे म्हणाले, "शिकलेली दिसतीय." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टर होऊन आले आहे. मी आठ दिवस कॉलेजला गेले नाही, कळवलंही नाही.

घरात एक जुनं टेबल घड्याळ होतं, गजराचं. त्याची टिकटिक मोठी होती, पण बँडपुढे ऐकू येईना. मग मी ते जेवणाच्या उपड्या ताटलीवर ठेवलं. ताटली घुमायची आणि टिकटिक ठणठण व्हायची. रोज संध्याकाळी अंगणात ताटली, ताटलीवर घड्याळ, आणि भोवती पाच मोठी माणसं. मामा खुर्चीवर बसलेले. मी फूटपट्टी घेऊन उभी. "मामा, तुम्ही दुसरा ठोका उशिरा टाकताय." "टाकतो व्हय?" "आता लवकर टाकला." "आता गं?" मामा कपाळाचा घाम पुसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मोठा ढोल वाजवणारा मला म्हणायचा, "वनिताबाई, घड्याळालाच न्या की लग्नात. जेवाय तरी मागनार न्हाय." रज्जाकभाई ट्रम्पेट पुसत बसायचे. आई भट्टीवरून यायची, दारात पाय धुवायची, ऐकायची आणि आत जायची. आठव्या दिवशी सगळं सरळ झालं. दोन भाग, अगदी सारखे. आणि त्याच आठ दिवसांत, घड्याळाशेजारी वही ठेवून, मी रात्रीच्या जेवणाआधी ते दोन रेघांचं वाक्य पाठ करत होते: पहिला लांबतो, दुसरा आखडतो. मला त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसला नाही. आज माझे विद्यार्थी पाठांतर करतात तेव्हा मी त्यांना रागावत नाही, त्याचं कारण हे आहे.

लग्नाच्या दिवशी दुपार कलली तसा नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला आणि तिथून मिरवणूक मांडवाकडे निघाली. रस्ता भट्टीवरूनच जात होता. मी आईजवळ ओट्यावर उभी राहिले. मला माझं काम बघायचं होतं. पुढे अण्णा, लाल कोट, मोत्याच्या झालरीची टोपी. मागे गाडा, त्यावर मामा, ड्रम मांडीवर, पाय खाली सोडलेले. ठोके एकदम सरळ पडत होते. एकही चूक नव्हती. आणि कुणी नाचत नव्हतं. पोरांनी एक-दोनदा हात वर केले, खाली घेतले. घोडीसुद्धा नुसती चालत होती. अण्णांनी गाणं वाजवलं, ते जसं आहे तसं संपलं, दुसरं वाजवलं, तेही संपलं. एरवी चार मिनिटांच्या गाण्यावर अण्णा अर्धा तास काढायचे. आज ते कुठंच फिरून येत नव्हते. जायला त्यांना वाटच नव्हती. रज्जाकभाई ट्रम्पेट खाली धरून उभे होते, कारण त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात मांडवातून माणूस पळत आला. बायकांचं काही आवरायचं होतं. "आजून अर्धा घंटा थांबा तितंच!" मिरवणूक आमच्या भट्टीसमोर अडली. अण्णांनी तिसरं गाणं काढलं, तेही संपलं, आणि मग रस्त्यावर जनरेटर सोडून दुसरा आवाज उरला नाही.

आईनं उलथनं कढईला टेकवलं. "दूधच ऱ्हायलं हे," ती म्हणाली. माझ्याकडे पाहून म्हणाली नाही. पण मला समजलं.

मामा गाड्यावरून खाली उतरले. पट्टा गळ्यात घातला, एक पाय झटकला, दुसरा झटकला, आणि सहज चार पावलं टाकली. हातात काड्या होत्या, त्या ड्रमवर पडल्या. लांब, आखूड. लांब, आखूड. अण्णांची आमच्याकडे पाठ होती. ती पाठ मी बघितली. कोटाच्या आत खांदे सैल झाले. त्यांनी संपलेलंच गाणं पुन्हा उचललं, पण मधूनच; दारातून बाहेर पडले, रज्जाकभाईंनी त्यांना बोळात गाठलं, काहीतरी विचारलं, अण्णांनी त्याला वाकडं उत्तर दिलं, रज्जाकभाई हसले ते ट्रम्पेटमधून ऐकू आलं, आणि खाली मामा कुणालाही घाई करू देत नव्हते. घोडीनं मान हलवली. नवरदेवाचे मित्र, मग चुलत्या, मग पदर खोचून सोलापूरच्या बायका. "तिकडं नको, तिकडं नको, घोडीवर धर!" मुलाचे वडील शूटिंगवाल्याला ओरडत होते, आणि ओरडताना त्यांचाही एक खांदा उडत होता. मी ओट्यावर उभी होते आणि माझ्या वहीतलं हिरव्या शाईचं वाक्य माझ्यासमोरच्या रस्त्यावरून चालत जात होतं.

घरी आल्यावर मी मामांना म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही उतरलात म्हणून निभावलं." मामा म्हणाले, "निभवायला न्हाय उतरलो गं. लोंबकळून पाय बधिर झाला व्हता." मग म्हणाले, "बरं झालं पर. बसून वाजवाया लागलो की मला वाटतं, मी वाजवतच न्हाय. दुसरंच कोन तरी वाजवतंय." ते घड्याळ त्यांनी स्वतः उचलून फळीवर ठेवलं आणि ताटली आईला दिली. लग्नाचं शूटिंग नंतर आम्ही पाहिलं. मामा त्यात एकदाही दिसत नाहीत. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येतात. गाड्यावरचा भाग त्या लोकांनी कापून टाकला होता.

सेमिनारला मी दहा मिनिटं वहीतून वाचलं. मागच्या बाकांवर कुजबुज चालली होती. स्विंगपाशी आले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सर म्हणाले, "म्हणजे काय?" मी म्हणाले, "सर, ते लिहून दाखवता येत नाही." सर म्हणाले, "मग कसं दाखवतेस?"

मी वही मिटली. फळ्यापुढच्या प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला गेले आणि चालायला लागले. एक पाय रेंगाळत, एक पाय नुसता टेकून. प्लॅटफॉर्म लाकडी होता, आवाज चांगला यायचा. वर्ग हसला. माझ्या खोलीतल्या दोघी सगळ्यात आधी हसल्या. मी थांबले नाही. परत फिरले, तशीच चालत आले, आणि आखूड पावलावर टाळी दिली. तिसऱ्या फेरीला सरांनी टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. मग कुणीतरी बाकावर. हसणं एकदम थांबलं असं झालं नाही. ते हळूहळू त्या ठोक्यात जाऊन बसलं. "हे स्विंग आहे," मी म्हणाले. धाप लागली होती. "आमच्या भूमच्या बँडचे ड्रमवाले असे चालतात. म्हणून तो बँड असा वाजतो. ते माझे मामा आहेत." खोलीतली ती मुलगी खाली बघायला लागली. मला तिच्यावर राग नव्हता. हसलो आम्ही दोघीही होतो.

पुढच्या शनिवारी घरी हे सगळं सांगितलं. अण्णांनी दोनदा सांगायला लावलं. मामा चटणी-भाकरी खात ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आखूड पाय कंचा धरलास?"

मी आठवलं. "उजवा."

मामांचा घास हातात राहिला. "डावा हाय गं माजा."

सतरा-अठरा वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. त्यांचं चालणं समोर आलं की मी दुकानांच्या पाट्या वाचायची. बघितलं कधी होतं?

"मंग उलटं दिसलं आसंल समद्यांना," मामा म्हणाले. त्यांनी हात धुतला, खांबाला धरून उठले आणि अंगणात उतरले. "ये हिकडं. बग नीट. हितनं सुरू व्हतं."

ते सावकाश चालले, परड्याच्या कडेपर्यंत. मी मागून त्यांच्या डाव्या पायाकडे बघत, पाऊल पावलात टाकत गेले. दारातून आई ओरडली, "काय चाललंय रं दिगू? भाकरी गार झाली की!" मामांनी मागे न बघता हात वर केला, म्हणजे थांब, आणि मला म्हणाले, "घाई करू नगंस."

परत फिरलो तेव्हा डावा पाय त्यांनी टेकवला आणि मी टेकवला, दोन्ही एकाच वेळी पडले.